कौलारू छपराखालच्या माळ्यावर सामानासाठी प्लाय टाकायचा आहे. जुन्या तुळया भार घेतील का?

वाडीतली खोली

नमस्कार. आम्ही गिरगावात ठाकूरद्वारजवळच्या एका वाडीत, चाळीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. जागा पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेली आहे आणि इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी आहे. छप्पर मंगलोरी कौलांचे असून मागच्या खोलीवर, कौलांच्या खाली, जुना माळा आहे. त्याच्या अर्ध्या भागात कधीकाळी कोणीतरी देवदाराच्या खोक्यांच्या फळ्या अंथरल्या होत्या. उरलेल्या अर्ध्या भागात नुसत्या तुळया आहेत आणि त्यांना खालून सिमेंटच्या पातळ पत्र्याचे छत ठोकलेले आहे. नवरात्रात भांडी काढायला वर चढलेल्या माझ्या यजमानांचा पाय तुळईवरून घसरून त्या पत्र्यावर पडला आणि पत्र्याला हातभर तडा गेला. त्यांना काही झाले नाही, परंतु त्या दिवसापासून संपूर्ण माळ्यावर एकसारखी, पाय ठेवता येईल अशी जमीन करून घ्यावी असे आम्ही ठरवले आहे.

खोली दहा फूट बाय दहा फूट आहे. तुळया चार असून साधारण दोन-दोन फुटांवर आहेत. त्या सागवानी असाव्यात, कारण रंग काळपट आणि लाकूड अत्यंत कठीण आहे. माप तीन इंच रुंद व चार इंच उंच आहे. आढ्याखाली माणूस वाकून उभा राहू शकतो; पागोळीच्या बाजूला जेमतेम दीड फूट उंची उरते.

वर ठेवायचे सामान असे आहे: सासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी, गणपतीचे लाकडी मखर, पाहुण्यांसाठीच्या चार गाद्या, मुलांच्या अभ्यासाची पुस्तके आणि जुन्या कागदपत्रांची पत्र्याची ट्रंक. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेतच येते, त्यामुळे २०० लिटरची एक टाकीही माळ्यावरच बसवावी असा घरात आग्रह आहे. सुताराने १२ मिलिमीटरचा प्लाय पुरेल असे सांगितले आहे, परंतु तुळयांविषयी त्याने काहीच विचारले नाही, म्हणून मन धजत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त पर्यवेक्षक

ताई, तुमचे मन धजत नाही हे योग्यच आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामांवर मी तीस वर्षे देखरेख केली आहे आणि त्या अनुभवावरून प्रथम टाकीविषयी सांगतो, कारण बाकी सर्व गोष्टींवर तडजोड होऊ शकते, या एका गोष्टीवर नाही. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, आणि ते जेमतेम दोन फूट व्यासाच्या जागेवर, म्हणजे बहुतेक एकाच तुळईवर किंवा फार तर दोन तुळयांवर, वर्षाचे बाराही महिने उभे राहणार. शिवाय टाकीच्या बुडाशी घाम येतो, नळाच्या सांध्यातून थेंब गळतो आणि तो नेमका तुळईच्या लाकडातच मुरतो. टाकी माळ्यावर बसवू नका.

आता तुळयांकडे वळू. प्लायची जाडी हा त्यानंतरचा प्रश्न आहे, कारण प्लाय कितीही जाड घेतला तरी तो भार फक्त तुळयांपर्यंत पोहोचवतो. तो भिंतींपर्यंत नेण्याचे काम तुळयांनाच करावे लागते. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका भार धरला जातो. तुमचा माळा त्या हिशेबाने बांधलेला नसावा. दहा फुटांच्या गाळ्यावर, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरावर, तीन बाय चारची निरोगी सागवानी तुळई दोन फुटांच्या अंतरावर असेल, तर फळ्या धरून दर चौरस मीटरला एकूण १०० किलो भार आला असता ती मध्यभागी सुमारे एक सेंटिमीटर झुकते. लाकूड लगेच मोडणार नाही, परंतु भार कायमचा असला की लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू आणखी झुकत राहते आणि काही वर्षांत तोच झोक दुपटीच्या घरात जाऊ शकतो. म्हणून जुन्या लाकडाच्या बाबतीत मी सामानाची मर्यादा दर चौरस फुटाला पाच किलोच्या पुढे जाऊ देत नाही. शंभर चौरस फुटांवर १९ मिलिमीटरचा प्लाय टाकलात तर त्याचे स्वतःचेच वजन शंभर-सव्वाशे किलो भरेल, हेही लक्षात असू द्या.

सामान कुठे ठेवता यालाही तितकेच महत्त्व आहे. भिंतीपासून फूटभर अंतरावर ठेवलेल्या जड पेटीचा बहुतेक भार थेट भिंतीवर जातो. तीच पेटी खोलीच्या मध्यावर ठेवली तर तुळईवर सर्वांत जास्त ताण येतो. पुस्तके आणि ट्रंक तुळयांच्या टोकांजवळ, भिंतीला धरून ठेवा. मखर, गाद्या, आकाशकंदील असल्या हलक्या वस्तू मध्यावर चालतील. पितळेचे एखादे मोठे घंगाळ आणि त्यात एकावर एक रचलेली पातेली यांचे वजन सहज चाळीस किलोपर्यंत जाते. ती भांडी शक्यतो पलंगाखाली ठेवावीत असे मी सुचवेन.

ज्या ठिकाणी मी सर्वाधिक नुकसान पाहिले ते ठिकाण म्हणजे तुळईचे भिंतीत गेलेले टोक. तुळई मधोमध ठणठणीत वाजते, रंगाने काळीभोर आणि देखणी दिसते, आणि भिंतीतले तिचे सहा इंच मात्र पावसाच्या ओलीने पोकळ झालेले असतात. एक टोच्या किंवा जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोकांशी, भिंतीला लागून, वरून, खालून आणि बाजूने जोर देऊन टोचून पाहा. चांगल्या सागात टोक दोन-तीन मिलिमीटरांपलीकडे जात नाही. आठही टोके तपासून झाल्याशिवाय एकही फळी विकत घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. या चारपैकी एखादी तुळई छपराच्या कैचीची (त्रिकोणी सांगाड्याची) तळतुळई आहे का, हेही पाहा. कैचीचे तिरपे वासे भिंतींना बाहेर ढकलत असतात आणि तळतुळई त्यांना बांधून ठेवते. माळ्याची झडप मोठी करण्यासाठी अशी तुळई मध्येच कापलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहे, आणि दोन्ही ठिकाणी भिंतीच्या माथ्याला आडवी भेग पडली होती. झडप दोन तुळयांच्या मधल्या गाळ्यातच बसवा.

लालबागचा रंधा

पर्यवेक्षक साहेबांनी तुळयांविषयी सांगितले त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी फक्त वरच्या कामाविषयी लिहितो. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे.

दोन फुटांच्या गाळ्यावर १२ मिलिमीटरचा प्लाय पायाखाली लवतो आणि दोन-चार वर्षांत त्याला कायमचा बाक येतो. १८ किंवा १९ मिलिमीटरचाच घ्यावा, आणि कौलांखाली ओल येणार हे गृहीत धरून भारतीय मानक ७१० चा मरीन प्लाय घ्यावा. आठ बाय चारचा अखंड प्लाय चाळीच्या जिन्यावरून आला तरी झडपेतून वर जाणार नाही, म्हणून दुकानातूनच चार बाय दोनचे तुकडे कापून आणावेत. तुकड्याची लांब बाजू तुळयांना आडवी यावी आणि प्लायच्या वरच्या थरातल्या लाकडाच्या रेषाही त्याच दिशेने असाव्यात, हे कापणाऱ्याला आधीच सांगा. रेषा उलट दिशेला गेल्या तर तोच प्लाय निम्म्याने कमजोर ठरतो. जुन्या तुळया कधीच नेमक्या दोन फुटांवर नसतात, त्यामुळे जिथे दोन तुकड्यांचा सांधा अधांतरी येईल तिथे खालून दोन बाय दोनची रीप आडवी बसवावी.

खिळे ठोकू नयेत. जुना साग इतका कठीण असतो की खिळा वाकतो, हातोड्याच्या प्रत्येक घावाला वरची कौले सरकतात आणि खालचा गिलावा सुटतो. आधी बारीक भोक पाडून दोन इंची स्क्रू वापरावा. स्क्रूचा दुसरा फायदा असा की पुढे वायर तपासायची झाली किंवा वाळवीची शंका आली, तर तेवढाच तुकडा सोडवता येतो. दोन तुकड्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरांची फट आणि भिंतीला लागून एक इंच जागा मोकळी ठेवावी, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगले तरी प्लाय वर उचलला जाणार नाही.

खालच्या खोलीतला पंखा कशाला टांगला आहे ते पाहा. अशा खोल्यांत पंख्याचा हूक बहुधा तुळईतून आरपार बोल्टने घेतलेला असतो. त्या बोल्टवरचा तुकडा वेगळा, हाताने उचलता येईल असा ठेवावा. जुन्या कापडी किंवा रबरी वेष्टनाच्या वायरी तुळयांवरून गेल्या असतील तर त्या प्लायखाली कधीही दाबू नयेत. वेष्टन सुकून तडकलेले असते आणि हात लागताच गळून पडते. वायरमनकडून त्या बदलून, पाइपातून, तुळईच्या बाजूने घ्याव्यात आणि जोडाचा डबा उघडता येईल अशाच ठिकाणी ठेवावा.

कुर्ल्याची बैठी चाळ

माझा अनुभव सांगते, कारण आमची चूक तुमच्याकडून होऊ नये असे मनापासून वाटते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी आमच्या खोलीत छातीइतके पाणी होते. खाली असलेले सगळे गेले. माळ्यावरची एक ट्रंक तेवढी वाचली, आणि तिच्यात मुलांचे जन्माचे दाखले व सासऱ्यांचे गिरणीतले कागद होते. त्या पावसाने माळ्यावर आमचा इतका विश्वास बसला की पुढच्या चार-पाच वर्षांत जे जे मोलाचे वाटले ते ते आम्ही वर चढवत गेलो: शिलाई मशीन, धान्याच्या कोठ्या, पुस्तके, लग्नातली भांडी. माळा किती भरला आहे हे कोणी विचारले नाही, कारण वर जागा दिसत होती.

खाली लोखंडी कपाट होते आणि कपाटाचे डोके व माळ्याची फळी यांच्यामध्ये तीन बोटांची फट होती. त्या फटीत आम्ही गणपतीचा पाट सरकवून ठेवत असू. एका वर्षी हरतालिकेच्या आदल्या दिवशी पाट काढायला गेले तर तो निघेना. ओलीने फुगला असेल म्हणून जोर लावला, तेव्हा वरून माती पडली. माळा त्या पाटावर येऊन टेकला होता, आणि पाटामुळे कपाटावर. मधली तुळई जवळजवळ दोन इंच खाली आली होती आणि कदाचित कपाट नसते तर आम्हाला ते कळलेही नसते. त्या रात्री चौघांनी मिळून एकेक वस्तू खाली उतरवली. तुळई अर्धी सरळ झाली, पूर्ण कधीच झाली नाही.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी नियमाने करतो. झडपेच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. वर चढवलेल्या प्रत्येक वस्तूचे नाव आणि अंदाजे वजन त्यावर लिहितो, आणि खाली आलेली वस्तू खोडतो. दुसरे म्हणजे दर जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी, माळ्यावर जुनी वर्तमानपत्रे पसरून ठेवतो. दोन दिवसांनी कागदावर जिथे पिवळे डाग दिसतात, त्याच्या बरोबर वरचे कौल फुटलेले किंवा सरकलेले असते. शाकारणी करणाऱ्याला नेमकी जागा दाखवता येते.

ट्रंक थेट प्लायवर ठेवू नका, दोन रिपांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळते आणि बुडाला गंज धरत नाही. कागदपत्रांत आणि रेशमी कपड्यांत वेखंडाचे तुकडे ठेवावेत. पागोळीच्या बाजूची शेवटची फूटभर जागा मोकळी ठेवा, तिथे सामान कोंबले तर हवा कोंडते आणि बुरशी येते. मात्र त्याच बाजूने उंदीर येतात, तेव्हा बारीक छिद्रांची तारेची जाळी बसवून घ्या.

पागडीचा भाडेकरू

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ नुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केल्यास मालकाला जागा परत मागण्याचे कारण मिळते. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग अशा काही कामांना त्यातून वगळले आहे, परंतु माळ्याचे नाव त्या यादीत नाही. तुमचा माळा जुनाच आहे आणि तुम्ही फक्त फळ्या बदलत आहात, तरीही मालकाला पत्र देऊन पोच घ्या आणि कामाआधीची छायाचित्रे काढून ठेवा. माळ्याची उंची वाढवण्याचा मोह टाळा. दीड मीटरपेक्षा उंच लॉफ्ट (माळा) चटईक्षेत्रात, म्हणजे परवानगी असलेल्या बांधकाम क्षेत्रात, मोजला जातो. तुळई खराब निघाली तर ते इमारतीच्या सांगाड्याचे काम होते. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींची अशी दुरुस्ती म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ करते, त्यामुळे मालकाने दुर्लक्ष केले तर मंडळाकडे लेखी अर्ज करता येतो.

वाडीतली खोली

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही जुन्या फळ्या काढून आठही टोके टोचून पाहिली. सात टोकांशी टोच्या लाकडावरून नुसता सरकला. आठव्या टोकाशी, गॅलरीच्या बाजूला, तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढला तेव्हा त्याला चहाच्या चोथ्यासारखा ओलसर, तपकिरी भुगा लागला होता. वर पाहिले तर त्या टोकाच्या बरोबर वरच्या दोन कौलांमधून उजेड दिसत होता. देवदाराच्या फळ्यांखाली खसखशीच्या दाण्यांसारखी बारीक रास अनेक ठिकाणी सापडली. तुळयांवर मात्र कुठेही छिद्रे नाहीत. ही रास कशाची असावी आणि या तुळईचे काय करावे?

निवृत्त पर्यवेक्षक

ती रास कोरड्या लाकडातल्या वाळवीची विष्ठा आहे. ही वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करून येत नाही, लाकडाच्या आतच राहते, त्यामुळे तिची बाहेरची खूण एवढीच असते. देवदार तिला आवडतो. जुन्या सागाचा गाभा तिला सहसा दाद देत नाही, कडेचे पांढरे लाकूड मात्र खाल्ले जाऊ शकते. त्या सर्व फळ्या घराबाहेर काढा, चाळीच्या जिन्याखालीही ठेवू नका. तुळया घासून घ्या आणि प्लाय बसवण्यापूर्वी वाळवीचे औषध मारून घ्या, कारण नंतर तुळयांची वरची बाजू उघडी मिळणार नाही.

तुळईच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम वरची कौले बदला, नाहीतर नवे लाकूडही त्याच वाटेने जाईल. त्यानंतर तुळईला खालून टेकू देऊन सडलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापावा. मग तुळईच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनेल (पन्हळीच्या आकाराच्या जाड पट्ट्या) लावून ते बोल्टने आवळावेत. चॅनेल चांगल्या लाकडावर किमान अडीच-तीन फूट आलेले असावेत आणि त्यांचे दुसरे टोक भिंतीत काँक्रीटच्या ठोकळ्यावर टेकावे. भिंतीतल्या खाचेत टोकाभोवती बोटभर जागा हवेसाठी मोकळी ठेवावी, ती सिमेंटने लिंपून टाकू नये. गवंडी ती हमखास लिंपतो, म्हणून त्या वेळी स्वतः समोर उभे राहा. हे काम संरचना अभियंत्याने प्रत्यक्ष पाहून सांगितल्याशिवाय सुरू करू नका, कारण भिंतीची अवस्था मला इथे बसून दिसत नाही.

एखाद्या दिवशी माळ्यावर जास्त सामान ठेवण्याची गरज पडणारच असेल, तर याच कामात चारही तुळयांखाली मध्यावर एक आडवी लोखंडी तुळई भिंतीपासून भिंतीपर्यंत घेता येईल का, हेही अभियंत्याला विचारा. गाळा निम्मा झाला की त्याच भाराखाली झोक सोळाव्या हिश्श्यावर येतो. जाड लाकूड घालण्यापेक्षा हा उपाय कितीतरी पटीने गुणकारी आहे, मात्र खालच्या खोलीची उंची सहा इंचांनी कमी होईल.

वाडीतली खोली

मालकांना पत्र दिले आणि पोच घेतली. कौलांचे काम काल झाले. सहा कौले बदलावी लागली. अभियंता पुढच्या आठवड्यात येणार आहेत. आडव्या तुळईचा विचार आम्ही सोडला, कारण खालच्या खोलीत सासूबाईंचा झोपाळा आहे आणि उंची कमी झालेली त्यांना चालणार नाही. त्याऐवजी सामानच कमी करणार आहोत. टाकी मोरीत, जमिनीवरच्या ओट्यावर बसवली. भांड्यांपैकी रोजच्या पूजेची आणि सासूबाईंच्या माहेरची तेवढी ठेवून बाकीची दोन नणंदांकडे दिली.

चॅनेल बसेपर्यंत गॅलरीच्या बाजूचा अर्धा माळा रिकामाच राहील, आणि तिथे कोणी चढू नये म्हणून झडपेला कुलूप लावले आहे. झडपेच्या आत कागदही चिकटवला आहे. त्यावर सध्या दोनच ओळी आहेत: मखर, अंदाजे चौदा किलो, गाद्या चार, अंदाजे बत्तीस किलो. ट्रंकेचे वजन वजनकाट्यावर करून मगच तिची ओळ लिहू.